समोरच्या फाटकातून

"चर्चमध्ये शपथ घेतलीस ना, मग नको करूस स्वयंपाक," सिपिओ बायकोला म्हणाला. "कालची मक्याची भाकर आहे, ती खाईन. पण कागद मालकाचाच टाकणार."

बायना मालकाचे शर्ट धूत होती. हातातल्या शर्टाला तिनं असा पीळ दिला, जणू ती मालकाचीच मान असावी.

गुलामगिरी संपून अकरा वर्षं झाली होती आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. आमच्या दक्षिण कॅरोलिनात तेव्हा मत म्हणजे पक्षानं छापलेला कागद. कोण कुणाचा कागद टाकतोय, ते लांबूनही कळायचं. आम्हा बायकांना मत नव्हतं, पण नवरे होते. जुन्या मालकांच्या पक्षाला जो मत देईल, त्याला बायकोनं ना जेवायला घालायचं ना अंथरुणात घ्यायचं, अशी शपथ आम्ही चर्चमध्ये घेतली होती. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या या शेजारणीचा होता. आणि नेमका तिचाच नवरा गळपटला.

"ब्रॉटन मालकानं बजावलंय," सिपिओ म्हणाला. "त्याचा कागद नाही टाकला तर खोपट सोडायचं."

"मग सोडू."

"आणि फीबी?"

फीबी खोपटामागं ओकच्या झाडाखाली होती. तापानं गेली तेव्हा चार वर्षांची होती. शेवटचं पाणी ज्या कपातून प्यायली, तो कान तुटलेला निळा कप आमच्या रीतीप्रमाणं मातीवर ठेवला होता. असा कप हलवायचा नसतो. नाहीतर गेलेला जीव घर शोधत फिरतो.

"इथं एकटी पडेल गं ती," सिपिओ म्हणाला.

बायनाचा हात थांबला. तिची आधीची तिन्ही पोरं गुलामगिरीतच जन्मली आणि एकेक करून विकली गेली. फीबी तेवढी स्वातंत्र्यानंतरची.

"आपल्या पोरांत ती एकटीच, जिला कुणाला विकता आलं नाही," बायना म्हणाली. "तिच्या नावावर तू स्वतःला विकू नकोस."

मतदानाच्या दिवशी पेटी दुकानाच्या ओसरीवर होती. शेजारी खुर्ची टाकून ब्रॉटन बसला होता, मांडीवर बंदूक. आम्ही बायका रस्त्यापलीकडं धोपाटणी घेऊन उभ्या होतो. सिपिओ पायऱ्या चढला.

"कागद दिला होता ना तुला?" ब्रॉटननं विचारलं.

"दिला होता, मालक."

"मग काढ."

सिपिओनं खिशातून कागद काढला आणि ब्रॉटनच्याच हातात दिला. "हा तुमचा तुम्हाला."

मग टोपी काढली. तिच्यात आमच्या पक्षाचा कागद होता. तो त्यानं पेटीत टाकला.

"आज तरी घालशील ना गं त्याला जेवायला?" मी बायनाला विचारलं.

"आग्रह करकरून घालीन," बायना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं सामान गाडीवर चढलं. ब्रॉटनची बायको मागच्या दारात येऊन ओरडली, "बायना, शर्ट कुठायत?"

"टबात आहेत, बाई. तुम्हीच पिळा आता."

राज्यात कोण जिंकलं, ते कितीतरी आठवडे ठरेना. दोन्हीकडचे आपणच जिंकलो म्हणत होते. शेवटी मालकांनी सगळं हिसकावून घेतलंच. मला त्याचा अजून राग येतो.

खोपट सोडल्यावर पहिल्याच रविवारी बायना फीबीच्या कपाकडं निघाली. मीही सोबत गेले. मला वाटलं, ती शेतातून, मागच्या बाजूनं जाईल. ती थेट ब्रॉटनच्या घराच्या समोरच्या फाटकाशी गेली. त्या फाटकातून आमच्यापैकी कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी बाहेरच थांबले.

ब्रॉटन व्हरांड्यात उभा होता. अंगात चुरगळलेला शर्ट. "मागून ये," तो म्हणाला.

"मागं आता माझं घर नाही," बायना म्हणाली आणि चालत राहिली.

ओकखाली ती गुडघ्यांवर बसली. कपाला बोटही न लावता आजूबाजूची पानं तेवढी वेचली. मग आली तशीच, समोरून, परत निघाली.

पुढच्या रविवारी मीही आत गेले.