पहिला हात

बाबू कासाराने सतरंजीवर हिरव्या बांगड्यांच्या माळा उलगडल्या आणि शांताने दोन्ही हात पदराखाली घेतले. काच किणकिणली की तिचे असेच व्हायचे. तळवे ओले, छातीत धडधड, आणि डोळ्यांसमोर सासरचे ते मागचे अंगण.

नवरा गेला त्या दिवशी त्याच्या आजाराचे नाव घरभर झाले होते. शांतालाही एचआयव्ही आहे हे दुपारपर्यंत गल्लीला कळले. तिच्या बांगड्या उतरवायला एकही बाई पुढे येईना. शेवटी थोरल्या जावेने, राधाने, दारातूनच वरवंटा अंगणात तिच्याकडे सरकवला. "तुझ्या तूच फोड." शांताने फोडल्या. मनगटातून रक्त आले तशा सगळ्याजणी मागे सरल्या. पुढे गोळ्यांनी आजार आटोक्यात आणला; ते अंगण मात्र कुठल्याच गोळीला दाद देईना. हेही दुखणेच आहे, नाटक नव्हे, हे दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सांगितले तेव्हा कुठे तिला कळले. तोवर ती लोकांच्या चुड्याला काहीतरी निमित्त काढून जायचे टाळत आली होती.

आज टाळायची सोय नव्हती. चुडा तिच्याच सायलीचा होता. मळमड्डी भागातल्या विद्यार्थ्यांना डबे पुरवून एकटीने वाढवलेली पोर आईइतकीच हट्टी निघाली होती. आईच्या आजाराचे तिने साखरपुड्याआधीच सासरी सांगून टाकले होते. आता म्हणत होती, बांगड्या भरायला पहिला हात आईचा.

"विधवेनं हिरव्या भरायच्या?" कोपऱ्यातून कुणीतरी कुजबुजले.

"चुडा माझा आहे," सायली म्हणाली. "आई, बस."

शांता बसली.

"कै कोडरी अक्का," असा कानडीत हात मागत बाबूने तिचा हात हातात घेतला. पण तिची मूठ आवळलेली. दुसरीच बांगडी तडकली आणि बोटावर रक्ताचा थेंब आला.

आता सगळ्या उठणार, शांताला वाटले. पळून जावेसे वाटले. मग बाईंनी शिकवले होते तसे तिने पाय जमिनीवर घट्ट टेकले. फरशी गार आहे. समोर सायली आहे. हे ते अंगण नव्हे. तिने स्वतःच बोट पुसले, पट्टी लावली आणि हात पुन्हा पुढे केला.

"भर रे. दोन्ही हात भरून."

कुणीही उठले नव्हते. शेवटची बांगडी चढली तेव्हा शांताने मनगट वर करून पाहिले. तिला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो लपवावा असे मुळीच वाटले नाही.

"आता थोरली काकू," सायली म्हणाली.

राधा येऊन बसली खरी, पण तिचा हात काही पदराबाहेर येईना.

"शांता, त्या दिवशी मी... अजून झोपेत तो वरवंटा वाजतो गं."

शांता तिच्याजवळ सरकली.

"मी विसरले नाही, अक्का. विसरणारही नाही," ती म्हणाली. "हात इकडे द्या."

तिने राधाचा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि तिची आखडलेली बोटे चोळू लागली.

"बाबू, आमच्या अक्कांना जरा मोठ्या मापाच्या दाखव."