सोडूचंय नाय

त्या दिवशी बाबू तांडेल दुपारचा जेवला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, कारीने कुऱ्हाड समुद्रात टाकली.

"कोण कारी?" त्याच्या बायकोने, विनीताने, आमटीची डाव हातात तशीच धरून विचारलं.

"तो बघ." श्रियाने फोन आईकडे वळवला. पडद्यावर तांबड्या केसांचा एक तरुण बर्फात गुडघे टेकून बसला होता.

"शिरा पडो! कार्टुनापायी जेवण सोडल्यात?"

"कार्टून म्हणा नको," बाबू उसळला. "तेच्या बापाशीक जिवंत जाळल्यानी, जहाजासकट. इतकी वर्षा तो मारूक फिरता. आणि आज काय, तर कुऱ्हाड टाकल्यान! मगे इतके दिवस आमी काय बघलंव?"

विनीताने लेकीकडे पाहिलं. श्रियाने ओठ मुडपून हसू आवरलं.

हे सगळं सुरू झालं वागळीच्या काट्यापासून. गणपती गेल्यावर रापणीचा, म्हणजे समुद्रात पसरून दोन दोरांनी किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, पहिला हंगाम लागला आणि पहिल्याच आठवड्यात जाळ्यातून मासळी काढताना बाबूच्या पायात वागळी माशाच्या शेपटीचा काटा घुसला. पाऊल भोपळ्यासारखं सुजलं. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला बंदी केली. तळाशीलच्या किनाऱ्यावर ज्याच्या हाकेवर सगळी रापण चालते तो तांडेल ओटीवरच्या खाटेवर पडून राहिला, आणि पडल्या पडल्या घरातल्या सगळ्यांच्या कामात चुका काढू लागला. मालवणच्या कॉलेजात जाणाऱ्या श्रियाने आईची सुटका करायची म्हणून एका दुपारी फोन त्याच्यापुढे धरला.

पहिल्यांदा त्याला दिसली ती होडी. दोन्ही टोकं उंच, वल्ही दोन्ही अंगांना, मधे एकच शीड.

"खंयचे हे?"

"उत्तरेचे. हजार वर्षांपूर्वीचे. लुटारू होते."

"मासे मारीत नाय?"

"मारतत. लुटूक गेले नाय तर."

मालिका जपानी होती, खालची अक्षरं इंग्रजी. बाबूला ती वाचायला वेळ लागे, म्हणून श्रिया मधे मधे थांबवून मालवणीत सांगायची. त्यामुळे बाबूच्या कानात त्या बर्फाळ समुद्रावरचे सगळे दर्यावर्दी मालवणी बोलू लागले. राजे एकमेकांना मेल्या म्हणू लागले. कारीच्या बापाला जाळणाऱ्या सरदाराचं नाव स्नोरी. ते बाबूच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याने त्याचं सोनुर्ली करून टाकलं. सोनुर्ली हे जवळचंच गाव आणि तिथे आपली लांबची आत्या दिली आहे, याचं त्याला काही वाटलं नाही.

कारी हा त्या सोनुर्लीच्याच जहाजावर वल्हं मारायला राहिला होता. बापाचा सूड घ्यायला त्याच्याजवळ राहणं भाग होतं. त्याच्याबरोबर लुटीला जायचा, त्याचंच अन्न खायचा, आणि रात्री कुऱ्हाडीला धार लावायचा. बाबूला हे मनापासून पटलं होतं. या कथेची चित्रांची पुस्तकं श्रियाने कुडाळच्या मैत्रिणीकडून आणून आधीच वाचली होती. बाबू रोज विचारी, "मारता काय नाय, तेवढांच सांग." ती म्हणे, "तुमीच बघा."

आणि आता हे. एका गावावर धाड पडली, कारीने एका माणसावर कुऱ्हाड उगारली, आणि दाराच्या फटीतून त्या माणसाची पोर त्याच्याकडे बघताना त्याला दिसली. बाप जळताना तो स्वतः असाच बघत होता. त्याने कुऱ्हाड पाण्यात फेकली आणि एका ओसाड किनाऱ्यावर जाऊन होड्या बांधू लागला.

"चेडवान बघल्यान म्हणून कुऱ्हाड टाकूची?" बाबू संध्याकाळपर्यंत पुटपुटत होता. "मगे सोनुर्ली सुटलो मां!"

बाबू एवढा का चिडला ते घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. कोणी बोलत नव्हतं इतकंच.

हरिश्चंद्र बाबूचा चुलतभाऊ. दोघं एकाच अंगणात वाढले, एकाच दोरीला लागून रापण ओढायला शिकले. श्रिया लहान असताना हरीकाकाच्या खांद्यावर बसूनच जत्रेला जायची. मग हरिश्चंद्र रापण सोडून एका मोठ्या मशीनच्या बोटीवर कामाला लागला. तेवढ्यावर बाबू रागावला नव्हता. पण एका संध्याकाळी रापण समुद्रात पसरलेली असताना तीच बोट किनाऱ्याजवळ घुसली आणि जाळ्यावरून गेली. बाबूच्या वडिलांच्या हातची रापण. चिंध्या झाल्या तिच्या. किनाऱ्यावरून माणसं ओरडत होती आणि बोटीच्या कठड्याशी हरिश्चंद्र मान खाली घालून उभा होता. त्याने ना हात केला, ना तोंड उघडलं.

बाबूने तिथेच वाळूत उभं राहून सांगितलं होतं की या माणसाचा हात पुन्हा आपल्या दोरीला लागणार नाही. वाडीने ऐकलं होतं. त्यानंतर दोन घरांत मधे फक्त माडांची एक रांग असूनही भाऊ भावाशी बोलला नव्हता.

आता हरिश्चंद्र परत आला होता. बोटीवर दोर गुंडाळणाऱ्या यंत्रात त्याचा उजवा हात सापडला आणि दोन बोटं गेली. काही दिवस आरोंद्याला बहिणीकडे राहून तो घरी आला, आणि त्याची बायको सावित्री मासळीची पाटी डोक्यावर घेऊन विनीताच्या शेजारून चालता चालता म्हणाली, "वैनी, भावजींका विचारशात? आमच्या ह्येंका दोरयेक लागूक देतीत काय?"

विनीताने घरी येऊन तसंच सांगितलं.

"नाय," बाबू म्हणाला.

"दुसरां काय करतले ते? एका हातान कोण ठेवता कामावर?"

"नाय म्हटलंय मां."

विनीताने विषय सोडला, कारण रापणीचा कायदा तिलाही माहीत होता. रापणीच्या दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो. म्हातारी आली, शाळेतून पोरं आली, मुंबईचा पाहुणा हौसेने आला, हात लागला की वाटो. आणि दोरीला लागलेला हात कोणी काढायचा नसतो. तांडेलानेसुद्धा नाही. म्हणून ज्याला नको म्हणायचं त्याला आधीच म्हणावं लागतं. बाबूने निरोप धाडला: येव नको.

हरिश्चंद्र आला नाही. पण रापण किनाऱ्याला लागायच्या वेळी तो रोज सुरूच्या झाडांखाली येऊन बसू लागला. रापणीची माणसं ओढता ओढता तिकडे बघत आणि मग बाबूच्या घराकडे बघत.

चार-सहा दिवसांनी बाबू लंगडत का होईना चालू लागला. तरी दुपारी फोन लागतच होता. कारी अजून होड्या बांधत होता आणि बाबू त्याला रोज शिव्या देत होता. पण बघणं सोडत नव्हता.

"आज सोनुर्ली येता," श्रिया एका दुपारी म्हणाली.

बाबू उठून बसला. "खरां?"

वादळ होतं. सोनुर्लीचं जहाज फुटलं होतं. माणसं बुडाली होती आणि तो एकटा, पिकल्या दाढीचा, एका फळीला धरून लाटांत वरखाली होत होता. कारीने किनाऱ्यावरून पाहिलं. नवी बांधलेली होडी त्याने पाण्यात लोटली. वल्हवत वल्हवत तो त्या फळीपर्यंत गेला. दोघांनी एकमेकांना ओळखलं. म्हाताऱ्याचे हात फळीवरून सुटायला आले होते. कारी होडीतून वाकला, त्याने त्याचं मनगट धरलं आणि काहीतरी बोलला.

श्रियाने चित्र थांबवलं. "तो म्हणता, तुका सोडूचंय नाय."

"आता कसां!" बाबूने खाटेवर थाप मारली. "आता ह्यां बोललो मरदासारख्यां! विनीता, अगो ये बघूक! आता बुडयता तेका. चालू कर, चालू कर."

श्रियाने चालू केलं. कारीने म्हाताऱ्याला ओढून होडीत घेतलं. आपलं घोंगडं त्याच्यावर टाकलं. आणि वल्हं उचलून किनाऱ्याकडे निघाला.

बाबू वाट बघत राहिला. किनारा आला. कारीने म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं.

"मगे मारता खंय?"

"मारणा नाय."

"तू चुकीचां सांगलंस. तो म्हणालो सोडूचंय नाय."

"होय, तसांच म्हणालो."

"मगे सोडल्यान कित्याक?"

"खंय सोडल्यान? धरून किनाऱ्यार हाडल्यान."

"अगो, सोडूचंय नाय म्हणजे..." बाबू अडखळला. "म्हणजे सोडूचंय नाय! माणूस तां कधी म्हणता?"

खोबरं खवत बसलेल्या विनीताने मान वर केली नाही. "माका टायफॉईड झालो तेव्हा कुडाळाक हॉस्पिटलात माझो हात धरून काय म्हटल्यात?"

बाबू आपल्या सुजल्या पावलाकडे बघू लागला.

"काय म्हटल्यात, चेडवाक सांगा."

"तां वेगळां."

"'विनीता, तुका सोडूचंय नाय.' तां काय माका मारूक म्हटल्यात?"

श्रिया फिसकन हसली. बाबूने तिच्याकडे डोळे वटारले, मग फोन उलटा करून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. झोप काही आली नाही. हरिश्चंद्रचं, आपल्या हऱ्याचं, काय करायचं याचे बेत त्याने इतकी वर्षं केले होते. हऱ्या पाया पडायला येतो आणि आपण दार लावतो. हऱ्याची बोट फुटते आणि आपण किनाऱ्यावर उभे राहून बघतो. रोज काही ना काही. आता त्याच्या लक्षात आलं की सख्खा भाऊ मुंबईला असतो, त्याची आठवण महिन्याकाठी होते. हऱ्याशिवाय मात्र एक दिवस गेला नव्हता. हे लक्षात आल्यावर त्याला हऱ्याचाच आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरून हाकारे ऐकू आले. बांगड्याचा थवा लागला होता. बाबू विनीताचं न ऐकता लंगडत वाळूवर गेला. रापण भरली होती, आणि उत्तरेकडचा दोर जड झाला होता. दोन्ही दोर सारखे आले नाहीत तर जाळं तिरपं होतं आणि मासळी मोकळ्या बाजूने निघून जाते. माणसं कमरेचे पट्टे दोराला अडकवून मागे मागे रेटत होती, तरी ती बाजू मागे पडत होती.

बाबूने सवयीने आपला पट्टा बांधला आणि पाय रोवला. पावलातून कळ थेट मांडीपर्यंत गेली. तो खाली बसला. शेजारच्या जितेंद्रने त्याला धरलं. "काका, तुमी बाजूक व्हा. नुसती हाक द्या."

बाबूने पट्टा सोडून हातात घेतला. ओढणाऱ्या माणसांच्या रांगेत त्याची जागा रिकामी होती. तिथून सुरूची झाडं सरळ दिसत होती. हरिश्चंद्र उभा राहिला होता. पुढे मात्र आला नव्हता. निरोप मानत होता मेलो, इतका की मासळी निघून गेली तरी चालेल.

बाबू वाळू तुडवत त्याच्यापर्यंत गेला. सगळ्यांच्या माना वळल्या.

"थंय उभो ऱ्हवान काय बघतंस? सिनेमा आसा?"

हरिश्चंद्रने उजवा हात लुंगीत लपवला.

"लपव नको. माका म्हायती आसा."

"बाबू, माका दोर धरूक जमणा नाय. तीनच बोटां आसत."

"पट्टो कमरेक बांधतत. बोटांचां काय काम?" बाबूने पट्टा त्याच्या छातीवर आपटला. "माझो पाय चलणा नाय. माझी जागा रिकामी आसा."

हरिश्चंद्रने पट्टा धरला. बांधला मात्र नाही. "त्या दिवशी बोटीर माका थांबवा म्हणूक व्हया होता. तोंडात इला होता माझ्या. बोललंय नाय. नोकरी जायत म्हणून."

"म्हायती आसा."

"तुझ्या बापाशीची रापण..."

"म्हायती आसा म्हटलंय मां!" बाबूचा आवाज फुटला. "थंय बांगडे चल्ले आणि तू हय गाऱ्हाणां घालतंस? बांध!"

हरिश्चंद्रने पट्टा कमरेला लावला. गाठीपर्यंत ओढला तरी तो ढिला राहिला. त्याने बाबूच्या पोटाकडे पाहिलं.

"सहा म्हयने खाटेर होतंस काय रे?"

रांगेतून कोणीतरी खो खो हसलं. बाबूने एक सणसणीत शिवी दिली. भावाला दिलेली इतक्या वर्षांतली ती पहिली शिवी. हरिश्चंद्र धावत गेला, पट्टा दोराला अडकवला आणि मागे रेलला. बाबूने हाक दिली. रांगेने ओढ घेतली. दोर फूटभर आला, मग हातभर, आणि दक्षिणेकडच्या दोराच्या बरोबरीला लागला. किनाऱ्यालगतचं पाणी हिरवट चांदीसारखं उकळू लागलं.

मासळी वाळूवर आली तेव्हा उन्हं चढली होती. बायका पाट्या घेऊन आल्या. कॉलेजला निघालेली श्रिया वाटेत थांबून राहिली. बाबूने नेहमीप्रमाणे वाळूत वाट्यांचे ढीग लावायला घेतले. ढीग लावताना तांडेल कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. या वेळी मात्र हरिश्चंद्रच्या वाट्याच्या ढिगात त्याने जाणूनबुजून दोन बारीक बांगडे टाकले. पुढच्या ढिगाकडे गेला. मग कोणी बघत नाही असं पाहून मागे आला, त्यातला एक उचलला आणि त्याच्या जागी बरा थोराड बांगडा ठेवला.

हरिश्चंद्र पलीकडेच पट्टा सोडत उभा होता.

"एकच बदललंस?" त्याने विचारलं.

"एकच," बाबू म्हणाला. "दुसरो उद्याच्या वाट्यात बघू."