लाखाचा स्वल्पविराम

बेटाचं काम मिळालं असतं तर शशिधरच्या पदरात सहा महिन्यांचं ऊन पडलं असतं, टीम लीडरची खुर्ची मिळाली असती, आणि लंडनमधल्या क्रॉयडनच्या थंडीत कुडकुडणाऱ्या ऑफिसला पाठवायला समुद्राचे फोटो. त्याच्या बायकोने, अर्चनाने तर सेलमध्ये स्ट्रॉ हॅटसुद्धा घेऊन ठेवली होती. चाळीस हजार वस्तीच्या त्या बेटाचा राष्ट्रीय जल-आराखडा कंपनीकडे आला होता, आणि जाणार होतं एकच माणूस. नऊ वर्षं इथे घासलेला शशिधर, की दीड वर्षामागे नागपूरहून आलेली ज्युनिअर, पूर्वी?

"शशीदादा, तुम्हीच तपासा हं," पूर्वी म्हणायची. ते 'दादा' त्याला मुंगीसारखं चावायचं. दादा म्हणायचं आणि कोपऱ्यात बसवायचं, असं त्याचं ठाम मत.

मार्चमध्ये मसुदा टाइप होऊन आला. छपरांवरचं पावसाचं पाणी घरोघरच्या टाक्यांत साठवायचं. एकूण क्षमता 1,000,000 घनमीटर. शशिधर थबकला. दहा हजार घरं, घरटी दहा घनमीटर, म्हणजे झाले एक लाख! पूर्वीने भारतातल्या सवयीने 1,00,000 लिहिलं असणार. इथल्या टायपिस्टबाईंना वाटलं, एक शून्य राहिलं. त्यांनी मायेने घातलं.

एक हाक मारायची की काम झालं. पण 'पडू दे तोंडावर,' म्हणत तो गप्प बसला. तपासनिसाच्या चौकोनात सही केल्याशिवाय मसुदा पुढे जाणार नव्हता, म्हणून सहीही केली. मत्सराला पुढचं दिसतं, पायाखालचं नाही.

बैठकीत बेटाच्या मुख्य इंजिनिअर बाई खो खो हसल्या. "एवढा पाऊस पडणार असेल तर टाक्या कशाला, होड्या द्या!"

पूर्वी लाल झाली, पण उभी राहिली. "चूक माझी. आमच्याकडे लाखाचा स्वल्पविराम इथे देतात." बोर्डावर तिने सगळा हिशेब मांडला.

"कबूल करणारी माणसं मला चालतात," बाई म्हणाल्या. "पण आता छप्पर न् छप्पर मोजल्याशिवाय मी आराखडा मानणार नाही. मोजायला हिलाच पाठवा."

साहेबांनी शशिधरच्या सहीच्या चौकोनावर बोट ठेवलं. "शशी, लाख तर तुलाही येतो ना? तू आता कार्डिफच्या गटारांचं काम बघ."

घरी अर्चनाने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुला दिसलं होतं?"

तो बूट काढत राहिला.

"हॅट पूर्वीला देते. कार्डिफच्या गटारांवर तुला काय कामाची?"

तर पूर्वीला बेट मिळालं, हॅट मिळाली, शशिधरला कार्डिफ. आणि आराखडा सहा महिने लांबला, म्हणून बेटावरच्या बायकांनी आणखी एक कोरडा हंगाम दिवसाआड पाणी भरलं.