सायबाच्या गढीतला शेवटचा शिक्का

माजा भाऊ वीरधवल मिलिटरीत हाय. नागपंचमीला सुट्टी काढून येतो, ते माज्यासाठी. म्हंजी येत हुता. औंदा लगीन करून बसलाय.

शिराळ्याच्या भायेर गोऱ्या सायबाची जुनी गढी हाय. मधी बंगला, चार कोपऱ्यांला बुरूज, भिताडाला बंदुका रोखायच्या जंग्या. पंचमीला आमी लेकीबाळी म्हायेरी आलो की सातारची कॉलेजची पोरं तितं खेळ मांडत्यात. पत्र्याचे डबे लपवायचे, त्येला ती टपालपेटी म्हनत्यात. चिठ्ठीवरच्या खुनंनं डबा हुडकायचा, आतला रबरी शिक्का आपल्या कागदावर उठवायचा, आनि डबा हुता तितंच ठेवायचा. शेवटचा शिक्का जी जोडी आधी आनंल, ती जिंकली. दर साली आमा भैनभावाची जोडी. आमाला कोन हरवत न्हाई.

औंदा गढीच्या दारात गेले, तर हा म्हनतो, "अक्का, औंदा शिवांजलीला घेतो. तिनं कवा खेळ बघितला न्हाई."

"घे की," म्हनलं. तोंडानं तेवढी हासले. आवं, काल दिवसभर ह्येच्यासाठी उपाशी कोन हुतं? मी! नागचवतीचा उपास भावासाठी भैन धरती, बायको न्हाई. आनि आज ही फलटनची बाई त्येच्या खांद्याला खांदा लावून चिठ्ठी वाचनार. जळली मेली ती चिठ्ठी!

मी एकटीच निघाले. पैला शिक्का तोफंच्या चौथऱ्यामागं, दुसरा तबेल्यात. दोन्हीकडं ती दोघं माज्या आधी हजर. तबेल्यात हा बायकोच्या केसात अडकलेलं कोळ्याचं जाळं काढत हुता, लय जपून. माज्या डोसक्यावर जाळ्यांचा भारा झालेला, त्येचं कुनाला काय न्हाई.

शेवटची खून मागच्या बुरजाची. मी धापा टाकत पळाले, तर ती दोघं हात हालवत माघारी येत हुती.

"घावला न्हाई व्हय रं?"

"ऱ्हाऊ दे, अक्का," म्हनला आनि हासला. माजा जीव कसा गार झाला.

बुरजाखाली एका जागी माती भुसभुशीत, वर विटंचा तुकडा. डबा पुरलेला हुता. पोरांनी आधीच पुरून ठेवलेला, पन काढायचा दिस पंचमीचा हाय, ह्ये कुनाच्याच डोक्यात आलं न्हाई. आमी ह्या दिशी भाजीसुदिक चिरत न्हाई, आनि माती तर उकरतच न्हाई, नागाला इजा हुईल म्हनून. सकाळीच त्येला दूध-लाह्या वाहून सांगून आले हुते, माज्या भावाला सांभाळ बाबा.

तरी बसले. दोन्ही हातांनी उकरलं आनि शिक्का उठवला.

दारात पोरांनी टाळ्या वाजवल्या. वीरधवल मातर माज्या हातांकडं बघत ऱ्हायला.

"अक्का, उकरलंस?" त्येच्या तोंडचं पानी पळालं. "आमालाबी जागा घावली हुती गं. मी वाकलो, तर हिनं हात धरला. म्हनली, अक्कांनी काल तुमच्यासाठी उपास केलाय, आज माती उकरू नका."

मी हात पदराआड घेतले. कुटं तोंड लपवावं कळंना.

तवर शिवांजलीच फुडं झाली. "अहो, त्या कशाला उकरतील? कुत्र्यानं माती काढली असेल, डबा वरच आला असेल. हो ना, अक्का?" असं म्हनून तिनं बाटलीतलं पानी माज्या हातांवर वतलं आनि नखातली माती सोताच्या पदरानं पुसली.

"व्हय," म्हनलं मी. आनि काय म्हननार?

घरी पुरनाची दिंडं वाढताना तिनं माज्या ताटात तुपाची धार जरा जास्तच सोडली. मेली गोडबी हाय! उपास मी धरला हुता, पन पाळला तिनं. आता जळायचं तरी कुनावर?