जुम्म्याची घंटी

अब्दुल सत्तार दर्यापूरला खुशालरावांच्या जिनिंगमध्ये बावीस वर्षं फिटर होता. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या त्या बारा यंत्रांचं दुखणं तो नुसता कान देऊन ओळखायचा. पण गावोगाव लोकांनी कपाशी सोडून सोयाबीन धरलं, दोन हंगाम जिनिंगचं फाटक उघडलंच नाही, आणि सत्तार घरी बसला. दोन हजार सातच्या पावसाळ्यात अकोल्याच्या एका यंत्रविक्रेत्याने त्याला विचारलं, टांझानियाला जाता का? तिकडे नव्या जिनिंगा निघत होत्या आणि जाणता फिटर मिळत नव्हता. आठ महिन्यांचं काम होतं.

मुलगी नाजिया परतवाड्याला दिलेली. घरात तो आणि बायको नसीमबानो, दोघंच. नसीम दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "जा तुमी. घरी बसून तुमचं तोंड उतरून राहिलं."

जायच्या आधी त्याने तिच्यासाठी एक जुना मोबाइल घेतला आणि हिरवं बटण, लाल बटण शिकवलं. त्याच्या स्वतःच्या फोनवर दुकानदाराने रोमिंग चालू करून दिलं आणि बजावलं, "तिकडे फोन आला तर उचलायचा नाही चाचा. उचलला की बॅलन्स खलास. घंटीचे मात्र काही लागत नाही." तेव्हा नवराबायकोने ठरवून टाकलं. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज सुटली, की नसीमने एक घंटी द्यायची. एक घंटी म्हणजे सगळं बरं आहे. काही कमीजास्त असलं तर वाजवतच राहायचं.

टांझानियातली जिनिंग उघड्या माळावर होती. तिथे फोन लागत नसे. अर्ध्या तासाच्या चालीवर मोठमोठ्या धोंड्यांची टेकडी होती, तिच्यावर चढलं की फोनला जरा जीव यायचा. दर्यापूरला अडीच वाजतात तेव्हा तिकडे दुपारचे बारा. सत्तार शुक्रवारी बाराच्या आत टेकडी गाठायचा, फोनमधलं तिथलं सिमकार्ड काढून आपलं जुनं घालायचा आणि सावली धरून बसायचा. फोन वाजायचा, काचेवर 'घर' असं उमटायचं आणि विझायचं. मग तो टेकडी उतरून तिथल्या मशिदीत नमाजेला जायचा.

पहिले दोन महिने तेवढ्याने भागलं. ईदेला त्याने तिथलं कार्ड भरून स्वतःहून फोन लावला, पण आवाज फिरून फिरून परत यायचा, दोघंही एकदमच बोलायची आणि एकदमच थांबायची. "ऐकू येते का?" यातच कार्ड संपलं. त्यापेक्षा घंटी बरी, असं त्याला वाटलं. घंटी निदान नीट ऐकू येत होती.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी घंटी थांबलीच नाही. दोन, तीन, चार. सत्तार ताडकन उठला. त्याने हिरवं बटण दाबलं.

"नसीम, काय झालं?"

"सत्तारभाई, मी खुशाल बोलून राहिलो. घाबरू नका, घरी सारं बरं हाये."

सत्तार धोंड्यावर टेकला. खुशालराव म्हणाले, यंदा थोडा कापूस आला म्हणून जिनिंग सुरू केली, पण तीन नंबरचं यंत्र ठोकून राहिलं. नव्या फिटरने दोनदा खोललं, गुण नाही. "तुमचा नंबर भाभीपाशी होता. त्याईलेच जिनिंगवर घेऊन आलो."

"फोन मशीनपाशी धरा, मालक."

आणि मग त्या माळावर, कानाशी, दर्यापूरची जिनिंग सुरू झाली. आधी सगळी यंत्रं मिळून एकच घरघर. तिच्यातून तीन नंबरची टकटक. मागे कोणीतरी बैलाला हाकारत होतं, कोणीतरी कोणाला चहा आणायला सांगत होतं. टकटक कशाची ते त्याला कधीच कळलं होतं, तरी तो फोन कानाशी धरून ऐकतच राहिला.

"सत्तारभाई?"

"डाव्या रोलरचं बेअरिंग पाहा. त्याले तेल पोचून नाही राहिलं. नळी बुजली असन."

"पाहतो." खुशालराव म्हणाले, "या ना वापस. आता जिनिंग चालू हाये. तुमची जागा तुमचीच हाये."

त्यांनी फोन नसीमकडे दिला. तिच्या मागे यंत्रं चालूच होती.

"जेवले?" तिने विचारलं.

"अजून नाही. मालक काय म्हणून राहिले, ऐकलं तू?"

"ऐकलं."

"मंग येऊ?"

तिकडे नुसती घरघर. मग ती म्हणाली, "यंदाचा कापूस संक्रांतीपर्यंत पुरन. मंग फाटक वापस बंद. तुमी काम पुरं करूनच या."

तो पुढे काही म्हणणार तोच फोन तुटला. बॅलन्स संपलं होतं.

त्या दिवशी त्याची नमाज चुकली. संध्याकाळी त्याने खोलीतल्या ओमप्रकाशला सगळं सांगितलं. ओमप्रकाश बडनेऱ्याचा, रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसवर होता.

"वहिनी बराबर बोलली," ओमप्रकाश म्हणाला.

"बराबर बोलली, हेच तं," सत्तार म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

पुढच्या शुक्रवारी रिकाम्या कार्डावर घंटी येईल की नाही, याची त्याला खात्री नव्हती. तरी तो टेकडीवर गेला. फोन चालू करताच बॅलन्स भरल्याचा निरोप आला. नसीमने दर्यापूरच्या दुकानात जाऊन ते भरलं होतं. बारा वाजता घंटी वाजली, एकच. त्याने फोन हातात धरून ठेवला. मनात आलं, हिला आपल्यावाचून जमून गेलं. हिशेबी बाई आहे, घर नीट चालवत असेल, झोपही लागत असेल. डिसेंबर असाच गेला. घंटी यायची आणि तो उतरून यायचा. आता त्याला कधी वाटे, गेलो नाही तर काय होईल? पण गेला नाही असा एकही शुक्रवार गेला नाही.

संक्रांत झाली. त्यानंतरच्या शुक्रवारी एक घंटी वाजून थांबली. सत्तार उठला, कपडे झटकले, तर पुन्हा वाजली, थांबली. मग तिसऱ्यांदा. असं ठरलेलं नव्हतं. त्याने घाईघाईने कार्ड बदललं आणि टांझानियाच्या नंबरवरून फोन लावला. या खेपेला आवाज स्वच्छ होता.

"काय झालं?"

"काही नाही."

"तीनदा वाजवला तू."

"हाव."

"नाजिया बरी हाये ना?"

"बरी हाये. सारे बरे हायेत. जिनिंग परवा बंद झाली." तिने श्वास घेतलेला त्याला ऐकू आला. "तवा तुमी मले विचारलं होतं, येऊ का म्हणून. मी नाही म्हटलं. तवापासून मले वाटून राहिलं का तुमी आता कधी विचारणारच नाही."

सत्तार धोंड्यावर परत बसला. खाली माळावरून कापसाचा एक ट्रक धूळ उडवत चालला होता.

"बोला ना," ती म्हणाली. "विचारा."

"येऊ?"

"या."

एवढंच बोलणं झालं. कार्डात पैसे उरले होते. सत्तार टेकडी उतरून नमाजेला गेला.

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजरसमोर उभा राहिला. मॅनेजर म्हणाला, तुझ्या जागी काम करणारा तयार कर आणि जा. सत्तारने तिथल्या एका शिकाऊ फिटरला दीड महिना हाताशी घेतलं, यंत्राला कान कसा लावायचा ते खुणांनी शिकवलं आणि ठरल्यापेक्षा तीन आठवडे आधी निघाला.

नसीम बडनेरा स्टेशनवर एकटीच आली होती. त्याने तिला लांबूनच पाहिलं. ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाला डब्याडब्यात डोकावत होती. तो जवळ गेला, तेव्हा ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "किती वाळले तुमी."

अमरावतीहून दर्यापूरची बस मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरांत बाया कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटून ढीग घालत होत्या. काम उरलं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्याचं बोलणं कोणी काढलं नाही. नसीमने आधी नाजियाच्या सासूचं सांगितलं, मग शेजारच्या शकुनबाईच्या म्हशीचं, मग नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते. हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला. कंडक्टर तिकिटं फाडून पुढे गेला तरी ती बोलतच होती. सत्तार खिडकीकडून वळून तिच्याकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "हं, मंग?"