साडेचार मीटर

माझ्या लांब लेन्सचं वजन तीन किलो दोनशे ग्रॅम आहे. माझी मुलगी जन्मली तेव्हा बरोबर तीन किलोंची होती. दवाखान्यात तिला पहिल्यांदा हातात दिलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, ही तर हलकी आहे!" नर्सबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मापात मारल्याची तक्रार करत होते.

आता गब्बू नऊ किलोंची झाली आहे. अकरा महिने ती माझ्या कडेवर होती आणि लेन्स कपाटात, जुन्या रजईत गुंडाळून. रानातले पक्षी, त्यांचे फोटो, पहाटे ओढ्याकाठी दबा धरून बसणं हे सगळं दुसऱ्याच कुणीतरी बाईने केलंय आणि मी नुसतं ऐकलंय, असं वाटायला लागलं होतं. अकरा महिन्यांत मी एकही गोष्ट सुरू करून शेवटास नेली नव्हती. केस विंचरायला घ्यावेत तर एका बाजूचे व्हायचे, तेवढ्यात गब्बू उठायची. अर्धी विंचरलेली मी दिवसभर हिंडायची.

अशात सोमवारी मास्तरांचा फोन आला.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आमच्या भागातले पक्ष्यांचे जाणकार. सहा वर्षं ते इथल्या दोनशे बारा पक्ष्यांचं पुस्तक करताहेत. त्यातले एकोणीस फोटो माझे आहेत. विसावा तिबोटी खंड्याचा द्यायचं मी कबूल केलं होतं, आणि मग मला दिवस गेले.

"पोरी, शुक्रवारी संध्याकाळी पुस्तक छपाईला जातंय," मास्तर म्हणाले. "दोनशे अकरा पक्षी आले. तुझा तेवढा राहिलाय."

"मास्तर, शुक्रवारपर्यंत..."

"जमत नसेल तर तसं सांग. दुसऱ्या एकाकडे आहे फोटो. पण घरट्याच्या तोंडाशी काढलाय. मला तो घालायचा नाहीये, पण पान कोरं कसं सोडू?"

मास्तरांचे नियम सगळ्यांना पाठ आहेत. घरट्यापाशी काढलेला फोटो नको, पिंजऱ्यातला नको, आमिष टाकून बोलावलेला नको. आणि प्रत्येक फोटोबरोबर ठिकाण, वेळ आणि अंतर खरं खरं लिहून द्यायचं. सहा वर्षांत त्यांनी कुणासाठी नियम वाकवला नव्हता. आता माझ्यामुळे वाकणार होता, आणि तोही माझ्याच पानावर.

"देते," मी म्हटलं. फोन ठेवला आणि गब्बूकडे पाहिलं. ती माझ्या लहान लेन्सच्या टोपणात कुस्करलेलं केळं भरत होती. लहान लेन्स आठवड्यापूर्वीच तिच्या तावडीत सापडली होती. लेन्सच्या सांध्यांत केळं जाऊन तिची कडी आता फिरत नव्हती. राहिली होती ती फक्त लांब लेन्स.

रात्री जेवताना मी घरात जाहीर केलं, शुक्रवारच्या आत तिबोटी खंड्याचा फोटो काढायचाय. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांना बाहेर काढायची त्याला सवय आहे, त्यामुळे तो कशानेच घाबरत नाही. "बुधवारी माझी सुट्टी आहे, तू जा ओढ्यावर," तो म्हणाला. सासूबाई गब्बूला भरवत होत्या. त्यांनी विचारलं, "दिसतो कसा तो?"

"चिमणीहून लहान, आई. चोच लालभडक, पोट पिवळंधमक, पाठ निळी-जांभळी. एवढे रंग एवढ्याशा अंगावर मावतात कसे, असं वाटतं."

"मग तो आपल्या मागच्या दोरीवर बसतो की."

मी हसले. अगदी मायेनं हसले, पण हसलेच. "आई, तो साधा खंड्या असेल. हा घनदाट झाडीतला, ओढ्याकाठचा पक्षी आहे. कपड्यांच्या दोरीवर नाही बसत तो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "तू शिकलेली आहेस."

बुधवारी पाच तास मी ओढ्याकाठी बसले. पाय मुंग्यांनी भरले, छाती दुधाने भरली, मानेला डास चावले. तिबोटी खंड्याने दोनदा आवाज दिला, बारीक शिट्टीसारखा, आणि दोन्ही वेळा पाठीमागून. मी वळेपर्यंत फांदी हलत असायची. घरी आले तेव्हा गब्बू भुकेने नाही, तर रागाने रडत होती. गुरुवारी पाऊण तास मिळाला, तोही वाया गेला. कॅमेऱ्याची तिपाई ओल्या दगडावरून घसरली आणि तिचा एक पाय वाकला. रात्री गब्बूला पाजता पाजता माझे डोळे भरून आले. नवरा म्हणाला, "मास्तरांना फोन करू का मी?" मी नको म्हणून मान हलवली. "उद्या सकाळी एकदा जाऊन येते. शेवटचं."

इथे एक सांगायला हवं. सकाळी आठ ते नऊ हा तास माझा झोपेचा. गब्बू पहाटे चारला उठते, म्हणून सासूबाईंनी ती जन्मल्यापासून हा तास मला देऊन टाकलाय. त्या वेळात त्या मागच्या ओट्यावर टबात बसवून गब्बूला आंघोळ घालतात, टबातलं पाणी पलीकडच्या चरात ओततात आणि धुतलेली दुपटी दोरीवर वाळत घालतात. त्या ओट्यावर सकाळी काय चालतं ते मी अकरा महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. मला फक्त न्हाऊन माखून आलेलं पोर मिळायचं.

शुक्रवारी मात्र सव्वाआठला मी जागी होते. बाहेरच्या खोलीत लेन्स कॅमेऱ्याला जोडून बघत होते. मागून आंघोळीचं गाणं ऐकू येत होतं. सासूबाई स्वतःच गाणी रचतात. त्यांत साबण, नाक, ढेकर, काहीही असतं. ऐकता ऐकता गाण्याचे शब्द बदलले. चाल तीच राहिली.

"आला गं आला, लाल चोचीचा आला... सूनबाई ऐकतेस का, दोरीवर आला... धावू नको पळू नको, पाऊल हळू टाक..."

कॅमेरा घेऊन मी पाऊल हळू टाकलं. स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि मी तिथेच थांबले.

दोरीवर, गब्बूच्या पिवळ्या दुपट्याशेजारी, लाकडी चिमट्याला खेटून तिबोटी खंड्या बसला होता. खाली तीन हातांवर टब. टबात गब्बू. सासूबाई तांब्याने तिच्या पाठीवर पाणी सोडत होत्या, मान न वळवता. ते साबणाचं पाणी जिथे मुरत होतं त्या चरात इवल्याशा बेडक्या उड्या मारत होत्या आणि खंड्याचं सगळं ध्यान त्यांच्यावर होतं. माझ्या मुलीच्या अकरा महिन्यांच्या आंघोळींनी तिथे एक छोटासा ओढाच तयार केला होता.

मी लेन्स उचलली. नुसता पिवळा धूर दिसला. लेन्स आतल्या आत घर्रर्र करून पुढे गेली, मागे आली, पुन्हा धूर.

हसू नका, पण मी तेव्हा खरंच विसरले होते. दहा वर्षं जिने दूरच्याच पक्ष्यांच्या मागे घालवली तिला जवळच्याची अडचण कधी पडलीच नव्हती. या लेन्सला साडेचार मीटरच्या अलीकडचं काही दिसत नाही. आणि पक्षी माझ्यापासून जेमतेम दोन मीटरवर होता.

मी खाली बसले आणि बसल्या बसल्या मागे सरकायला लागले. लेन्स छातीशी, टाचा फरशीला. गॅसचा ओटा गेला. फळीवरचे डबे गेले. फ्रिज गेला. घर्रर्र. अजून धूर. स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला आणि पाठ जेवणाच्या टेबलाला थडकली.

टेबलापलीकडे नवरा गादीवर झोपला होता. त्याने एक डोळा उघडला.

"काय करतेस?"

"टेबल सरकव," मी पुटपुटले. "आवाज न करता."

तो उठला, टेबल एका बाजूने उचललं, पायाने खाली गोधडी सारली आणि ते भिंतीकडे ओढत नेलं. खुर्च्या एकेक करून गादीवर ठेवल्या. मी आणखी मागे गेले. एक हात, दोन हात. आणि धुरातून चोच निघाली. मग डोळा. मग त्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका.

पण चित्र स्थिर राहीना. आढ्याखाली उजेड कमी, लेन्स जड, तिपाई लंगडी.

"ओणवा हो," मी म्हटलं.

"काय?"

"माझ्यासमोर ओणवा हो. लेन्स तुझ्या पाठीवर ठेवते."

लिफ्टवाला माणूस ओणवा झाला. मी लेन्स त्याच्या दोन खांद्यांच्या मध्ये टेकवली. चित्र श्वासागणिक वर-खाली व्हायला लागलं.

"श्वास घेऊ नकोस."

"किती वेळ?"

"तो उडेपर्यंत."

"लग्नात असं काही ठरलं नव्हतं," तो म्हणाला आणि श्वास रोखून धरला.

तिकडून गाणं आलं, थोडं घाईचं. "पाणी गार झालं गं, पोरीला हुडहुडी... काढायचा तर काढ बाई, आंघोळ संपली..."

खंड्याने पाठ फिरवली होती. निळी-जांभळी पाठ, सुंदर, पण पुस्तकाला चोच हवी, पोट हवं. मी बटणावर बोट ठेवून थांबले. आणि तेवढ्यात गब्बूने मला पाहिलं. दारातून, स्वयंपाकघराच्या पलीकडे, जमिनीवर बसलेली तिची आई आणि आईच्या पुढ्यात घोडा झालेला तिचा बाप. आता रडणार, हात पसरणार, "मा" म्हणणार, पक्षी उडणार.

गब्बू हसली. तिला वाटलं हा सगळा खेळ तिच्यासाठीच मांडलाय. पोट हलवून, चार दातांनी, खिदळून हसली आणि दोन्ही हात पाण्यावर आपटले. साबणाचे थेंब उडाले. खंड्याने वळून खाली तिच्याकडे पाहिलं. चोच समोर, पोट समोर, मान किंचित तिरकी, हे काय प्रकरण आहे अशी.

मी बटण दाबलं. सात वेळा.

मग एक बेडकी चुकीच्या वेळी उडाली, निळी रेघ खाली गेली, वर आली आणि झाडीत शिरली. नवरा जमिनीवर आडवा पडून हवा पिऊ लागला. सासूबाईंनी गब्बूला टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीत टाकलं. सातांतले सहा फोटो हललेले होते. एक नव्हता. त्यात प्रत्येक पीस मोजता येत होतं. मी रडत होते आणि गब्बू माझे गाल चाटत होती.

"तोच का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"तोच, आई. आणि मी तुम्हाला हसले होते."

"हसलीस ते हसलीस. पण टेबल कुणी हलवलं? फरशीवर ओरखडा आलाय."

फोटो पाठवायचा म्हणजे खाली खरं लिहायला हवं. दोरी, चिमटा, दुपटं कापून नुसता पक्षी ठेवता आला असता. मी फोटो तसा कापून पाहिलाही. मग पुन्हा पूर्ववत केला आणि लिहिलं: ठिकाण, घरामागची कपड्यांची दोरी. वेळ, बाळाच्या आंघोळीची. अंतर, साडेचार मीटर. आणि पाठवून दिलं. आंघोळीच्या पाण्याला मास्तर आमिष म्हणाले तर?

वीस मिनिटांनी फोन आला.

"पोरी, ती दोरी त्याच्यासाठी बांधली होतीस का?"

"नाही मास्तर. गब्बूच्या कपड्यांसाठी."

"आणि पाणी?"

"ते गब्बूसाठी."

पलीकडून एक आवाज आला, जो मी मास्तरांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ते हसत होते. "नियम मीच लिहिलेत. दोरी नको असं त्यात कुठेही नाही. बरं, तो चिमटा केवढा आहे?"

नवऱ्याने पट्टी लावून सांगितलं, साडेसात सेंटिमीटर.

"उत्तम. तुम्ही मोठ्या लेन्सवाले चिमणीएवढ्या जिवाला घारीएवढा करून दाखवता. दोनशे बारांत हा एकच पक्षी लोकांना खऱ्या मापात कळणार. चिमटा राहू दे. पान तुझं."

फोन स्पीकरवर होता. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी तो हातातून घेतला.

"मास्तर, पानाचं ठीक आहे हो, पण ते दुपटं पार विटलंय. पुस्तकात सगळं जग बघणार. कपाटात सहा कोरी पडलीत. आधी कळलं असतं तर..."

"बाई," मास्तर म्हणाले, "छपाई संध्याकाळी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी उठून मागे आले. दोरीवर सहाच्या सहा कोरी दुपटी, एकदाही न वापरता धुतलेली, कडेला कड जुळवून वाळत घातली होती. नवरा गॅसपाशी उभा राहून गब्बूच्या आंघोळीचं पाणी तापवत होता. सासूबाई टबापाशी बसून झाडीकडे बघत होत्या.

"आता येऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा छापतील तेव्हा बदलता येतं ना गं?"