ओलीटाच्या गालाचा डाग

मित्रांनो, मी एक म्हातारी एकनळी बंदूक आहे, आणि म्हाताऱ्या बंदुका थापा मारतात हे मी आधीच कबूल करते. तेव्हा मी सांगेन त्यातलं निम्मं वजा करा.

माझी नळी उत्तरेकडच्या एका धुरकट कारखान्यात घडली. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. ते झाड इतकं उंच होतं, की त्याच्या शेंड्यावरच्या खारींना बुंध्याजवळच्या खारींची भाषा कळत नसे. मला एका खाणकामगाराने विकत घेतलं आणि मक्याच्या पिठाच्या पोत्यात गुंडाळून केंटकीच्या डोंगरातल्या एका घळीत आणलं. त्याच्या म्हाताऱ्या बापाने माझा पहिला बार काढला, तेव्हा माझ्या धक्क्याने त्याची कवळी उडाली आणि मागच्या ओढ्यात पडली. त्या हिवाळ्यात कवळीने एकटीने इतके मासे धरले, की म्हाताऱ्याने तिला परत तोंडात घेतलंच नाही. कमावत्या माणसाला घरात कोंडायचं कशाला, म्हणाला.

आता पुढचं मात्र वजा करू नका.

त्या खाणकामगाराची एकुलती लेक ओलीटा. हॉबर्ट स्टिल्टनरशी तिचं लग्न लागलं, त्या दिवशी बापाने मला तिच्या हातात ठेवलं. आमच्या घळीत लेकीला दिलेल्या बंदुकीचा एक नियम होता. ती बाजारात न्यायची नाही. नकोशी झाली, तर आधी देणाऱ्याच्या रक्ताच्या माणसाला विचारायचं. त्याने स्वतःच्या तोंडाने 'नको' म्हटलं, तरच पुढचं बघायचं.

ओलीटाने माझ्याने खारी मारल्या, त्यांचा रस्सा केला आणि कोंबड्यांवर टपलेल्या कोल्ह्यांची झोप उडवली. नेम धरताना ती गाल माझ्या दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकवी. दर पानगळीत तोच गाल, तीच जागा. घामाने, बारुदाने, चुलीच्या धुराने तिथलं लाकूड काळपट, गुळगुळीत झालं. पुढे तिची लेक ट्वाइला नेम धरायला शिकली, तीही माझ्यावरच. तिचा छोटा गाल आईच्या डागात अर्धासुद्धा मावत नव्हता... नाही, चुकले. डाग मोठा होता, गाल छोटा होता. मला आठवतं ते एवढंच, की गाल ऊबदार होता.

हॉबर्टला बंदुकांचा नाद. पगार झाला, की एखादी नवी घरी यायची.

"आणखी एक?" ओलीटा म्हणायची. "हिला स्वयंपाक येतो का?"

"हिची नळी बघ ना गं, कशी सरळ आहे."

"घरात तेवढंच एक सरळ आहे."

असं करत काचेचं कपाट भरलं. कोणी काका लढाईवरून घेऊन आला होता ती जर्मन रायफल सगळ्यांशी तोऱ्यात वागे. चंदेरी पिस्तुलाला आपण नवरी आहोत असं वाटे. एक दुनळी होती, ती दोन तोंडांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगे. मी कोपऱ्यात उभी असे. पण दार उघडून रोज बाहेर निघे ती मीच.

मग ओलीटा गेली. ओहायोला राहायला गेलेली ट्वाइला दफनाला आली होती. ती बापाला म्हणाली, "डॅडी, चला माझ्याबरोबर ओहायोला." हॉबर्ट चार माणसांदेखत म्हणाला, "तू घळ सोडून गेलीस ना? मग जा." ती गेली. त्यानंतर त्या घरात औषधांच्या दुकानाशिवाय कोणाचा फोन आला नाही. मलाही कोणी बाहेर काढलं नाही. मित्रांनो, काचेमागे उभं राहून रिकामं स्वयंपाकघर बघणं फार लांबलचक काम आहे.

खाणीचं पेन्शन होतं तेवढंच राहिलं. औषधं महागली, छताचा पत्रा गळू लागला. एके दिवशी हॉबर्टचा खाणीतला जुना सोबती गार्लंड आला, घेवड्याची वाटी आणि मक्याचा पाव घेऊन कपाटासमोर बसला.

"हॉबर्ट, बंदुका एवढ्या आणि खांदा एकच. तोही दुखतो."

"मी काही विकणार नाही. जरा जागा करायची म्हणतोय."

"हो, जागाच कर. छतातून पाणी येतं त्याला बसायला जागा नको?" गार्लंडने पाव मोडला. "प्रत्येकीला विचार, गेल्या वर्षात तू काय काम केलंस? उत्तर नाही आलं, की काढ बाहेर."

"हाच प्रश्न मला कोणी विचारला तर?"

"तुला कोण विकत घेतंय?"

दोघे हसले. मग हॉबर्टने उठून कपाट उघडलं.

पहिली गेली जर्मन रायफल. तिची काडतुसं आमच्या घळीत मिळत नसत, आणि काडतूस नसलेली बंदूक म्हणजे महागडी काठी. पिस्तूल गेलं, कारण ते कधी कोणी उडवलंच नव्हतं. दुनळी गेली. शेवटी हरणांच्या शिकारीची रायफलही गेली, कारण हॉबर्टचे गुडघे आता चढण मानत नव्हते. दर शनिवारी तो कचेरीसमोरच्या बाजारात एकीला घेऊन जाई आणि हात खिशात घालून परत येई. रात्री आम्ही कपाटात गप्पा मारत असू, त्यातला एकेक आवाज बंद होत गेला. कवळीची गोष्ट सांगायला मला कोणी उरलं नाही. एकदा मी ती स्वतःलाच सांगून पाहिली. हसू आलं नाही.

मग कपाटालाही गिऱ्हाईक आलं.

"ही राहिली," हॉबर्ट माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "हिचं काय करू?"

"तिला बाजारात नेलंस, तर ओलीटा कबरीतून उठून तुझे कान उपटेल," गार्लंड म्हणाला. "रक्ताच्या माणसाला विचार."

रक्ताचं माणूस एकच होतं. हॉबर्टने फोन उचलला, ठेवला, बाहेर जाऊन लाकडं फोडली, परत येऊन उचलला.

"ट्वाइला. तुझ्या आजोबांची बंदूक आहे. नियम आहे म्हणून विचारतोय."



"डॅडी, तुम्ही बंदुकीसाठी फोन केलात?"

"हो."

"बरं. शनिवारी येते."

त्याने फोन ठेवला आणि घर झाडायला घेतलं. लेक येणार, तर तिला कळकट बंदूक कशी द्यायची? त्याने मला ओसरीवर नेलं, खरखरीत पॉलिश पेपर घेतला आणि दस्ता घासू लागला. प्रेमाने घासत होता, मित्रांनो, शीळ घालत होता. मला ओरडता आलं असतं, तर मी ओरडले असते. पण बंदुकीला एकच आवाज येतो, आणि तो दुसऱ्याने चाप ओढल्याशिवाय निघत नाही. संध्याकाळपर्यंत माझं अंग मधासारखं चकाकत होतं. वर त्याने वार्निशचा हात दिला.

गार्लंड आला आणि पायरीवरच थांबला. "हिला आंघोळ घातलीस की हिची कातडी सोललीस?"

"नवी दिसते की नाही?"

गार्लंडने टोपी काढली.

शनिवारी ट्वाइला आली. तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. बापलेक स्वयंपाकघरात हवापाण्याचं बोलले आणि ते लवकर संपलं. मग तिने मला उचललं. आईने शिकवलं होतं तसं आधी उघडून नळी रिकामी आहे ना ते पाहिलं, मग खांद्याला लावलं, गाल टेकवला. आणि झटकन उचलला. मला खिडकीपाशी नेऊन डावं अंग उजेडात धरलं. अंगठा फिरवला.

"आईचा गाल कुठे गेला?"

हॉबर्टला आधी समजलंच नाही. मग समजलं. तो खुर्चीचा हात धरून सावकाश बसला.

"मी तुझ्यासाठी चकचकीत केली," तो म्हणाला. "मळ होता तो, असं वाटलं मला."

ट्वाइलाने मला टेबलावर ठेवलं. नाक पुसलं. बराच वेळ ती त्याच्या हातांकडे बघत होती. नखांत अजून वार्निश होतं.

"मला नको ही," ती म्हणाली.

हॉबर्टने मान हलवली. तिने तोंडाने 'नको' म्हटलं होतं. नियमाने सगळं संपलं होतं. "मग विकू?"

"विकून तर बघा. अशी कोरी नको, म्हणतेय मी. तुम्ही वापरा तिला. होती तशी काळी झाली, की नेईन."

"अगं, त्याला चाळीस वर्षं लागतात."

"मग तेवढी जगा," ट्वाइला म्हणाली. "मी अधूनमधून येऊन बघत जाईन, किती काळी झाली ते."

कपाट विकलं गेलं. आता मी स्वयंपाकघराच्या दारावर दोन खुंट्यांवर असते. पानगळीत ट्वाइला आली होती, दोन दिवस राहिली, पुन्हा येईन म्हणाली. मधले दिवस फार असतात. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू पुसा, तेल द्या, पण घासू नका. ज्याला तुम्ही मळ समजता, ते कधीकधी घरातलंच माणूस असतं. आणि फोन करायचा असेल, तर बंदुकीचं निमित्त मिळायची वाट बघू नका.

हॉबर्ट आता बार काढत नाही, काडतुसं महाग आहेत. पण रोज सूर्य डोंगराआड गेला, की तो मला खाली घेतो, उघडून बघतो, ओसरीवर बसतो आणि डाव्या अंगाला गाल टेकवून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहतो. त्याच्या दाढीचे खुंट टोचतात. मी हूं की चूं करत नाही.